‘कोमा’ : भीतीचें मूळ कोठें?

गेल्या पावसाळ्यांत दहावीच्या एका विद्यार्थ्यानें मला विचारलें, “सर, ह्या पुस्तकांत भूत नाहीं, दरोडेखोर नाहीं, मग वाचतांना भीति कां वाटते?” पुस्तक म्हणजे डॉक्टर रॉबिन कुक ह्यांची १९७७ सालची ‘कोमा’ ही इंग्रजी कादंबरी. प्रश्न मार्मिक वाटला, म्हणून मीं ती पुनः वाचली.

बॉस्टनमधील एका रुग्णालयांत सूझन व्हीलर ही वैद्यकाची विद्यार्थिनी शिकावयास येते. तेथें किरकोळ शस्त्रक्रियेसाठीं आलेली तरुणी गुंगींतून जागीच होत नाहीं; पुढें गुडघ्यासाठीं आलेल्या तरुणाचीही तीच गत. श्वास चालतो, हृदय चालतें, मेंदू मात्र कायमचा निमालेला. सूझन टिपणें काढीत बसते, आणि माग आठव्या क्रमांकाच्या शस्त्रक्रियागृहाशीं जाऊन थांबतो.

तेथील प्राणवायूच्या नळींत कोणी गुप्तपणें कार्बन मोनॉक्साइड सोडीत असतो. ह्या वायूस रंग नाहीं, वास नाहीं. रक्तांतील हिमोग्लोबिनला तो प्राणवायूपेक्षां २०० हून अधिक पट आसक्तीनें बिलगतो. प्राणवायु तुटला म्हणजे रक्त काळसर पडतें व शस्त्रवैद्य सावध होतो. ह्या विषानें तें उलट लालबुंद दिसतें. धोक्याची खूण दिसावी तेथें आरोग्याची खूण! माझ्या मतें त्या प्रश्नाचें उत्तर येथेंच आहे. ज्याच्या हातीं आपण डोळे मिटून देह सोंपवितों, तोच हात वैऱ्याचा असेल, ही ती भीति.

हेतु एकच, रोग्यांचे अवयव विकणें. गुन्हेगाराचें नांव मी सांगत नाहीं. पण तो विद्वान् आहे, आणि प्रगतीसाठीं कायदा ओलांडणारीं माणसें हवींतच, असें तो शांतपणें प्रतिपादितो. कादंबरींतील पाठलाग लांबले आहेत खरे, परंतु ह्या संभाषणाशीं मी फार वेळ थांबलों. कारण प्रश्न काल्पनिक नव्हता. ह्याच बॉस्टनमध्यें १९५४ सालीं जुळ्या भावांत मूत्रपिंडाचें पहिलें यशस्वी रोपण झालें होतें. मेंदूचा मृत्यु कशावरून ठरवावा, ह्याचे निकष हार्वर्डच्या समितीनें १९६८ सालीं मांडले. आपल्या देशांत १९९४ च्या कायद्यानें तो निर्णय चार वैद्यांच्या मंडळाकडे सोंपविला व अवयवांचा व्यापार गुन्हा ठरविला.

हें सर्व ऐकून मुलगा म्हणाला, “पण सर, ती नळी कोण तपासतें?” तेव्हां कळलें कीं, त्याच्या आईची पित्ताशयाची शस्त्रक्रिया ठरली होती. निरनिराळ्या वायूंच्या नळ्यांचीं तोंडें मुद्दाम वेगळीं करितात, एकीच्या जागीं दुसरी बसूं नये म्हणून. आणि गुंगी देणारा वैद्य शेवटपर्यंत रोग्यापाशीं असतो, एवढें मीं सांगितलें. पुस्तक त्यानें अर्धेंच वाचून परत केलें. पुढें एके दिवशीं तो धांवत आला. सायंकाळीं आईनें शुद्धीवर येऊन पाणी मागितलें होतें. जातांना पुस्तक घेऊन गेला.