मांसाहारी शोभिवंत माशांचे निर्धोक जिवंत खाद्य

शोभिवंत मत्स्यपालन हा आता केवळ शहरातील हौशी लोकांचा छंद राहिलेला नाही. विहिरीची व शेततळ्याची सोय असलेले काही शेतकरीही तो जोडधंदा म्हणून करू लागले आहेत. २०२० साली सुरू झालेल्या प्रधानमंत्री मत्स्य संपदा योजनेतही त्याचा अंतर्भाव करण्यात आला. ऑस्कर, अरोवाना आणि मरळीच्या कुळातील लहान जाती या मांसाहारी माशांना इतर शोभिवंत माशांहून किंमत अधिक येते. त्यामुळे असा एखादा मासा दगावला तरी पालकाचे नुकसान मोठे होते. या नुकसानीचे मूळ पुष्कळदा खाद्यात सापडते. ओढ्यातील ओंजळभर मासळी टाकीत सोडावी, माशाने ती आवडीने खावी आणि पुढे आठ-दहा दिवसांत त्याने अन्न टाकावे, असा प्रकार घडतो. जिवंत भक्ष्य ज्या पाण्यात वाढते, त्या पाण्यातील रोग व विषे ते आपल्याबरोबर आणते. म्हणून भक्ष्य कोणते आहे, याइतकेच ते कोठून आले, हेही पाहणे अगत्याचे आहे.

भक्ष्यापासून होणारे अपाय

पहिला अपाय रोगांचा. ओढ्यातील किंवा बाजारातील दाटीच्या टाकीतील लहान माशांवर पांढऱ्या ठिपक्यांचा रोग, नांगर कृमी व माशांच्या उवा आढळतात. पांढऱ्या ठिपक्यांच्या रोगाचा जंतू पूर्ण वाढला की माशाच्या अंगावरून गळून पडतो, स्वतःभोवती कवच करतो आणि त्यातून शेकडो नवे जंतू बाहेर पडतात. २५ अंश सेल्सिअसच्या आसपास हे चक्र सुमारे एका आठवड्यात पुरे होते. त्यामुळे एका रोगट भक्ष्यापासून सबंध टाकी बाधित होण्यास वेळ लागत नाही.

दुसरा अपाय पोषणाचा असून तो सहसा लक्षात येत नाही. १९३२ साली अमेरिकेतील मिनेसोटा राज्यात, कोल्हे पाळण्याच्या एका केंद्रावर, कच्चा कार्प मासा खाणाऱ्या कोल्ह्यांना लुळेपणा येऊन ते मरू लागले. पुढील संशोधनात असे दिसून आले की, कार्पच्या शरीरात थायमिनेज नावाचे द्रव्य असते व ते ब-१ जीवनसत्त्वाचा नाश करते. भक्ष्य म्हणून स्वस्तात विकले जाणारे गोल्डफिश याच कुळातील होत. केवळ त्यांच्यावर पोसलेल्या माशाची भूक मंदावते, त्याचा तोल जातो व पुढे त्यास झटके येतात. पोट भरलेले असूनही मासा खंगत जातो, म्हणून पालकास कारण उमगत नाही.

तिसरा अपाय विषाचा. फवारणी झालेल्या शेतातील नाकतोडे व गांडुळे, तसेच गटारातील लाल ट्यूबिफेक्स किडे कधीही वापरू नयेत. भेकाच्या डिंभात विषारी द्रव्य असते. बेडूक तर पिकावरील किडी खाणारा शेतकऱ्याचा मित्र. त्याची पिल्ले पकडणे म्हणजे आपल्याच शेताचे नुकसान करणे होय.

याशिवाय इजेचाही धोका असतो. शिंगटीसारख्या माशाचे काटे ताठ होऊन अडकतात आणि गिळणाऱ्या माशाचा घसा फाडतात. भक्ष्याची जाडी माशाच्या उघड्या तोंडाहून कमीच असावी.

कोणते खाद्य निवडावे

गप्पी : घरी वाढविलेला गप्पी हे उत्तम जिवंत खाद्य होय. १९०८ साली डासांच्या नियंत्रणासाठी तो भारतात आणण्यात आला. त्याची मादी सुमारे चार आठवड्यांनी पिल्ले घालते, त्यामुळे सिमेंटच्या एका लहान टाकीत घरापुरता पुरवठा नियमित होऊ शकतो. मूळ जोड्या रोगमुक्त असाव्यात आणि त्या टाकीत बाहेरची मासळी कधीही सोडू नये. टाकीवर जाळी घालावी व तिचे पाणी ओढ्यात जाऊ देऊ नये; परका मासा मोकळ्या पाण्यात गेला की तेथील देशी माशांना जाचक ठरतो.

गांडूळ : गांडूळखत करणाऱ्यास हे खाद्य घरचेच आहे. खताच्या वाफ्यातील लाल आयसेनिया जातीचे गांडूळ दुर्गंधी द्रव सोडते, म्हणून अनेक मासे ते थुंकतात. आफ्रिकी जातीचे मोठे गांडूळ अधिक सोयीचे. ते रात्रभर ओल्या स्वच्छ फडक्यात ठेवावे, म्हणजे पोटातील माती निघून जाते. नंतर धुऊन, मोठे असल्यास तुकडे करून द्यावे.

पाणपिसू व डासांच्या अळ्या : लहान पिल्लांना पाणपिसू फार मानवतात. डासांच्या अळ्याही मासे आवडीने खातात. परंतु डेंग्यूचा डास आठवडा-दहा दिवसांत तयार होतो. म्हणून अळ्यांसाठी घराजवळ पाणी साठवून ठेवू नये.

विकतच्या भक्ष्याची खबरदारी

विकत आणलेले भक्ष्य वेगळ्या टाकीत निदान तीन आठवडे ठेवावे. या काळात अंगावर ठिपके, दोऱ्यासारखे कृमी अथवा जखमा दिसल्यास ती मासळी वापरू नये. एका लिटर पाण्यात २० ते ३० ग्रॅम मीठ विरघळवून त्यात मासळी एक-दोन मिनिटे बुडविण्याची रीत आहे. त्याने वरवरचे काही जंतू निघतात, परंतु कातडीत शिरलेले जंतू व कृमी मरत नाहीत. म्हणून मिठाचे पाणी हा विलगीकरणास पर्याय होऊ शकत नाही. त्या टाकीचे जाळे व बादलीही वेगळी असावी.

रोजच्या खाद्याचा क्रम

ऑस्कर मासा निसर्गात किडे, कोळंबी व लहान मासळी असे मिश्र अन्न खातो. रोज जिवंत मासा त्याला लागतोच असे नाही. लहान वयातच गांडुळाचे तुकडे, सोललेली ताजी कोळंबी व गोळी-खाद्य यांची सवय लावावी. कोंबडी-बकऱ्याचे चरबीयुक्त मांस मात्र नित्य देऊ नये. ती चरबी माशास नीट पचत नाही व यकृतात साठते. वाढत्या पिल्लांस रोज थोडे, तर पूर्ण वाढलेल्या माशास आठवड्यातून दोन-तीन वेळाच खाऊ घालावे. उरलेले खाद्य त्याच दिवशी काढून टाकावे.

जिवंत भक्ष्यावर झडप घालणारा मासा पाहण्यास मौज वाटते व गिऱ्हाइकासही ती आवडते. तथापि गिऱ्हाइकाला मासा देताना त्याला कोणते खाद्य मानवते व ते कोठून घ्यावे, हेही सांगावे. अशा पालकाकडे तेच गिऱ्हाईक पुन्हा येते.