पिरोटनला निघालेल्या भाच्यास

दांडिया बाजार, वडोदरा

चि. सोनू यास,


तुझ्या आईचा फोन आला होता. कॉलेजच्या मुलांबरोबर तू कच्छच्या आखातातल्या पिरोटन बेटावर मुक्कामाला निघाला आहेस आणि ‘आत्याला विचार, तिथे काय काय दिसेल’ असा तुझा निरोप आहे, एवढं कळलं. फोनवर सांगायला गेले तर तू ‘हो हो’ म्हणशील आणि विसरशील, म्हणून पत्र.

हे खूळ तुझ्या डोक्यात कुठून आलं तेही मला ठाऊक आहे. मिशिगनच्या दादाने आइल रॉयलचे फोटो पाठवल्यापासून तू पाठपिशव्यांच्या किमती बघत होतास. ते बेट लेक सुपीरियरमध्ये आहे, १९४० पासून राष्ट्रीय उद्यान आहे. तिथल्या लांडग्यांचा आणि मूस नावाच्या धिप्पाड हरणांचा १९५८ पासून अखंड अभ्यास चालू आहे. दादा तिथे पाठीवर ओझं घेऊन चालला, एका वळणावर मूस समोर आला, क्षणभर बघून झाडीत शिरला. तुला तसंच काहीतरी हवंय.

पिरोटनला तसं होत नाही. मूसला पाय आहेत, तुझी संगत नको असेल तर तो निघून जातो. पिरोटनला तू जे बघशील ते ओहोटीत उघडं पडलेलं, डबक्यात अडकलेलं असेल. पुढची भरती येईपर्यंत त्याला कुठेच जाता येणार नाही. आपल्याला चालायला सोयीची वेळ आणि त्या जिवांची सगळ्यांत अडचणीची वेळ एकच असते. डबक्यातलं पाणी तापत असतं, त्यातला प्राणवायू कमी होत असतो, उघडी पडलेली परवाळी सुकू नये म्हणून अंगाभोवती चिकट स्राव सोडत असतात. त्यात आपण कॅमेरे घेऊन पोचतो. तेव्हा तिथे कसं वागायचं, ते या एका गोष्टीवरून ठरव.

उदाहरण केंडाचं. पुण्यात तू त्याला पफर मासा म्हणशील, कोकणात केंड म्हणतात. डिवचला की पाणी गिळून टम्म फुगतो. आखातात पर्यटकांना हा खेळ दाखवायची खोड फार जुनी आहे. मासा ओंजळीत उचलायचा, जरा दाबायचा, फुगला की टाळ्या आणि फोटो. फुगणं हा त्याचा शेवटचा उपाय असतो आणि त्यात त्याची बरीच ताकद खर्ची पडते. पाण्याबाहेर धरला तर तो पाण्याऐवजी हवा गिळतो, आणि ती बाहेर टाकता आली नाही तर उलटा होऊन तरंगत राहतो. अशा स्थितीत बगळ्याला तो आयताच सापडतो. तुमच्या गटातही कोणीतरी हौशी ‘एकदाच’ म्हणेल. तू वयाने लहान असलास तरी नाही म्हण. वाईटपणा आला तर येऊ दे. समुद्री ससा जांभळा रंग सोडतो किंवा समुद्रकाकडी पोटातलं बाहेर टाकते, तीही अशीच गंमत म्हणून दाखवतात. सांगणं तेच.

मग बघायचं कसं? एका डबक्यापाशी बस. शंभर डबकी ओलांडत चाललास तर मोबाइलमध्ये शंभर फोटो जमतील आणि बघितलेलं काहीच नसेल. पाठ सूर्याकडे करू नकोस, तुझी सावली पडली की सगळं दडतं. पहिली पाच-दहा मिनिटं फक्त शेवाळ आणि दगड दिसतात. मग एक शंख चालायला लागतो आणि लक्षात येतं की आत साधू खेकडा आहे. ब्रिटल स्टारचा एक हात दगडाखालून लवलवतो. एखाद्या भोकाच्या तोंडाशी खेकड्यांच्या कवचांचा आणि रिकाम्या शिंपल्यांचा ढीग दिसला तर थांब, आत ऑक्टोपस असण्याचा चांगला संभव आहे. तो ढीग म्हणजे त्याचं उष्टं. नजर बसली की भोकात एक डोळा दिसेल. त्यातली बाहुली आडवी, फटीसारखी असते. शेजारी श्वासाची नळी उघडमीट करत असते. तो बाहेर आलाच तर ज्या दगडावर जाईल त्याचा रंग आणि खडबडीतपणासुद्धा अंगावर घेईल. बोट घालून त्याला बाहेर काढायचं नाही, हे सांगायला नकोच.

आता पाण्याचं वेळापत्रक. बेटावर तुझं घड्याळ चालत नाही. होडी बेडी बंदरातून भरतीवर निघते, ओहोटीत ती चिखलावर बसते. म्हणजे एका भरतीला जायचं आणि पुढच्या एखाद्या भरतीलाच परतायचं. भरतीपासून ओहोटी साधारण सव्वासहा तासांवर, आणि रोज सगळं जवळजवळ पन्नास मिनिटांनी पुढे सरकतं. आपल्या कोकणी आजोबांचा हिशेब तू ऐकला असशील: तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ, चतुर्थीला तीन वाजता. तो मुंबई-कोकणचा हिशेब. कच्छच्या आखातात भरती तोंडाकडून आत सरकत जाते, ओख्याला आधी, पिरोटनला नंतर, कांडल्याला आणखी उशिरा. तेव्हा आजोबांवर विसंबू नकोस, जामनगरची कोष्टकं बघ आणि तांडेल सांगेल ते ऐक. तुम्ही पौर्णिमेच्या सुमारास जाताय, म्हणजे उधाण. पाणी खूप लांब मागे जाईल आणि तितक्याच झपाट्याने येईल. आखाताचा तळ सपाट, त्यामुळे ते समोरून लाटा फोडत येत नाही. बाजूच्या नाळांतून गुपचूप भरतं आणि माणूस उंचवट्यावर उभा असताना मागची वाट बुडालेली असते. परत फिरायची वेळ ठरली की ऑक्टोपस दिसो वा देवमासा, फिरायचं.

सामानाबद्दल थोडक्यात. बेटावर गोडं पाणी नाही, माणशी रोजचं पाच लिटर तरी न्या. नाडीचे जुने कॅनव्हासचे बूट घे. सँडल चिखल ओढून घेतो आणि अनवाणी पायाला परवाळ्याने झालेली जखम लवकर भरत नाही. वाळूच्या उथळ पाण्यात पाय उचलून टाकू नकोस, घासत चाल. खाली पाकट असेल तर धक्का लागायच्या आधीच सरकेल, त्याच्या शेपटीचा काटा वाईट. उन्हाच्या मलमापेक्षा लांब बाह्यांचा सदरा आणि टोपी बरी. काही मलमांतली रसायनं परवाळ्यांना सोसत नाहीत. खाकरे, गूळ, शेंगदाणे, लिंबं पुरतील. तिवरांत (जामनगरची मंडळी चेर म्हणतात) शिरायचं नाही. बाहेर उभं राहून चिखलावर उड्या मारणाऱ्या निवट्या बघ.

मेलेला का असेना, परवाळ्याचा तुकडा खिशात घालू नकोस. २००१ पासून परवाळी वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत, म्हणजे वाघाच्या पंक्तीला. गोल दगडासारखी वाढणारी परवाळी वर्षाला काही मिलिमीटर वाढतात. हातात मावणारा तुकडा तुझ्यापेक्षा वयाने मोठा असू शकतो. पूर्वी याच आखातातली परवाळ्याची वाळू सिमेंटसाठी उपसली जायची. ते १९८० च्या अभयारण्याने आणि १९८२ च्या सागरी राष्ट्रीय उद्यानाने थांबलं. देशातलं ते पहिलं सागरी उद्यान, बेचाळीस बेटं त्यात येतात. रात्री किनाऱ्यावरून पलीकडे तेलशुद्धीकरणाचे दिवे दिसतील. तुला तो देखावा खटकेल, मला तर अजून खटकतो. पण परवाळ्यांना बाहेर काढून दुसरीकडे वसवता येत नाही आणि धक्के, नळ, टाक्याही आता हलणार नाहीत. दोन्ही एकाच आखातात आहेत हे धरूनच तिथल्या वनखात्याला काम करावं लागतं.

पक्ष्यांसाठी दुर्बीण ने. हिवाळ्यात क्रॅब प्लोव्हर येतात, काळेपांढरे, जाड चोचीचे, खेकड्यांवर जगणारे. वीण अरबस्तानाच्या बाजूला, तीही वाळूत बीळ खणून. समुद्रगाय दिसेल अशी आशा धरू नकोस. कासवीण वर आली तर टॉर्च विझव आणि लांब बस.

परवानगी वनखात्याची लागते आणि पिरोटन मधूनमधून बंदही ठेवतात. नाही मिळाली तर रुसू नकोस, वाडीनारजवळच्या नराऱ्याला जा. तिथे होडी लागत नाही, ओहोटीत वाटाड्याबरोबर किनाऱ्यावरूनच परवाळ्यांपर्यंत चालत जाता येतं. माझं विचारशील तर पहिल्या वेळेला तेच बरं. तंबूची हौस तेवढी राहील.

जाताना एक दिवस वडोदऱ्याला उतर. कमाटीबागेतल्या संग्रहालयात १९४४ साली महीच्या मुखाशी वाहून आलेल्या निळ्या देवमाशाचा सांगाडा आहे. लहानपणी त्याच्याखाली उभा राहून रडला होतास. आणि एक जुना अहवाल दाखवायचा आहे. ओखामंडळ, म्हणजे द्वारका-ओखा-बेटचा मुलूख, पूर्वी बडोदे संस्थानचा होता. सयाजीरावांच्या सरकारने जेम्स हॉर्नेल या मद्रासकडच्या सागरी जीवशास्त्रज्ञाला तिथल्या समुद्राची पाहणी करायला लावलं. त्याचा अहवाल १९०९ आणि १९१६ असा दोन भागांत निघाला. मोत्यांचं आणि माशांचं उत्पन्न वाढावं हा दरबारचा हेतू उघड होता, पण त्या निमित्ताने स्पंजांपासून किड्यांपर्यंत बारीकसारीक जिवांची वर्णनं झाली. अहवाल इंटरनेटवर वाचायला मिळतो. माझ्या टेबलावर बसून त्यातली चित्रं नीट बघून घे, म्हणजे डबक्यात काय हललं ते ओळखता येईल.

गाडीचं तिकीट निघालं की कळव. परतीचा मुक्कामही इथेच कर, ते खारट बूट आईच्या मोरीत नेऊ नकोस, आपल्या गच्चीवर धुऊ.

तुझी,
आत्या