मिठाचाही हिशोब ठेवूया



मागच्या महिन्यात एका गटाच्या बैठकीत एक ताई म्हणाल्या, "मी आता सैंधव मीठ खाते, म्हणून बीपीची गोळी बंद केली." उपकेंद्रात नेऊन बीपी मोजला, तर वरचा आकडा १७० निघाला! त्यांना काहीच त्रास जाणवत नव्हता. बीपीचं असंच असतं. म्हणून यावेळचा आरोग्यपाठ बीपी आणि क्षारांवर.

सोडियम : हे मिठात असतं. अंगात जास्त झालं की पाणी धरून ठेवतं, रक्ताचं प्रमाण वाढतं आणि रक्तवाहिन्यांवर दाब येतो. सैंधव मीठही मुख्यतः तेच मीठ आहे. ते औषध नाही, आणि त्यात आयोडीन पुरेसं नसतं. म्हणून मीठ आयोडीनयुक्तच वापरा, पण कमी.

पोटॅशियम : हे सोडियमच्या उलट काम करतं. जादा सोडियम लघवीवाटे बाहेर टाकायला मदत करतं. केळी, रताळी, पालेभाज्या, शेवगा, डाळी-कडधान्यं यांत मिळतं. भाजी उकडून पाणी फेकू नका, त्यात पोटॅशियम निघून जातं.

कॅल्शियम आणि मॅग्नेशियम : रक्तवाहिन्यांचं आवळणं-सैल होणं नीट चालायला हे दोन्ही लागतात. नाचणी, दूध, तीळ यांत कॅल्शियम; बाजरी, शेंगदाणे, कडधान्यांत मॅग्नेशियम. म्हणजे आपली भाकरी-उसळच कामाची!

आता हिशोब करूया

जागतिक आरोग्य संघटना सांगते की मोठ्या माणसाला दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी मीठ हवं, म्हणजे चहाचा एक सपाट चमचा. मुलांना त्याहून कमी. घरात ५ माणसं असतील तर दिवसाला २५ ग्रॅम. म्हणजे १ किलोचा पुडा निदान ४० दिवस पुरला पाहिजे. तुमच्याकडे किती दिवसांत संपतो? पुडा फोडताना त्यावर तारीख लिहा. लोणचं, पापड, फरसाण यांतलं मीठ आणि पापडखार वेगळाच! आपण पापड विकतो खरं, पण रोज ताटात घ्यायची ती गोष्ट नाही.

हे विसरू नका

- गोळी स्वतःहून बंद करू नका. खाण्यात बदल हा गोळीच्या जोडीला असतो, गोळीच्या बदली नाही.
- किडनीचा आजार असेल तर पोटॅशियम वाढणं धोक्याचं. बीपीच्या काही गोळ्यांनीही ते वाढतं. त्यामुळे 'कमी सोडियमचं मीठ' डॉक्टरांना विचारूनच घ्या.
- बीपी १४०/९० किंवा त्याहून जास्त आला तर पुन्हा मोजून घ्या आणि डॉक्टरांना दाखवा.

पुढच्या बैठकीसाठी : प्रत्येकीने मिठाच्या पुड्याची तारीख सांगायची. तिशी ओलांडलेल्या सगळ्यांनी आशाताईंना विचारून उपकेंद्रात बीपी मोजून यायचं.

त्या ताईंची गोळी आता परत सुरू झाली आहे. बचतीच्या वहीत आपण रुपया चुकू देत नाही. मग मिठाचा चमचा का चुकू द्यायचा?

तुमची क्षेत्र समन्वयक