पाटीवरचे नाव

जपानमध्ये पुष्कळ घरांच्या दाराशी नावाची पाटी असते. तेथील बहुतेक रस्त्यांना नावेच नाहीत. मग पाटी किती उपयोगी पडत असेल, पाहा!

ई-मेलच्या पत्त्यालाही अशी पाटी असते. तिला डोमेन म्हणतात. जपानमधील पुष्कळ डोमेनांच्या शेवटी 'डॉट जेपी' ही अक्षरे असतात. कोणते डोमेन कोणाचे, याची नोंदवही जेपीआरएस ही संस्था ठेवते. 'डॉट जेपी' हवे असेल, तर जपानमधला पत्ता द्यावा लागतो. 'सीओ डॉट जेपी' हे डोमेन तर जपानमध्ये नोंदलेल्या कंपनीलाच मिळते, तेही एका कंपनीला एकच.

१९९९ साली डोकोमो या कंपनीने मोबाइल फोनवर ई-मेलची सोय केली. सुरुवातीला फोनचा नंबर हाच पत्ता होता. झाले! काही लोकांनी अंदाजाने नंबर जुळवले आणि जाहिरातींचा पाऊस पाडला. आलेल्या पत्राचेही पैसे पडत. म्हणजे जाहिरात दुसऱ्याची आणि भुर्दंड आपल्याला! जपानी लोक अशा पत्रांना 'मेइवाकू मेल' म्हणतात. मेइवाकू म्हणजे त्रास.

मग नोंदवही उघडून त्या लोकांना का पकडले नाही? मुलांनो, पाकिटाच्या मागे पाठवणाऱ्याचे नाव कोण लिहितो? पाठवणाराच ना! ई-मेलचेही तसेच आहे. लबाड माणूस दुसऱ्याचेच डोमेन लिहितो. नोंदवहीत शोधले, तर सापडतो कोणी भलताच, निरपराध माणूस. नोंद अगदी खरी असली, तरी पत्रावरचे नावच खोटे!

म्हणून जपानने २००२ साली कायदा केला. जाहिरात पाठवणाऱ्याने आपले नाव व पत्ता लिहावा, असे त्यात सांगितले. २००५ साली खोट्या नावाने जाहिरात पाठवणाऱ्याला शिक्षा ठरवली. २००८ साली, आधी परवानगी घ्या, मगच जाहिरात पाठवा, असा नियम झाला.

पण लबाड परदेशात बसला असेल, तर? तेथे कायद्याचा हात सहज पोहोचत नाही. यावर संगणकतज्ज्ञांनी एक युक्ती काढली. आमची पत्रे कोणत्या संगणकांवरून निघतात, याची यादी डोमेनचा मालक जाहीर करतो. पत्र आले, की घेणारा संगणक ती यादी पाहतो. पत्र भलत्याच संगणकावरून आले असेल, तर तो ते बाजूला टाकू शकतो. यादीतल्याच संगणकावरून आले आणि तरीही त्रासाचे निघाले, तर मात्र नोंदवही उघडावी. आता तिच्यात सापडणाऱ्या मालकाला जाब विचारता येतो.