अडविलेली यज्ञपत्नी

श्रीमद्भागवताच्या दशमस्कंधात, तेविसाव्या अध्यायी, यज्ञपत्नींची कथा येते. भुकेल्या गोपाळांनी अन्न मागितले. आंगिरस सत्रातील ब्राह्मण होयही म्हणाले नाहीत, नाहीही म्हणाले नाहीत. त्यांच्या स्त्रिया मात्र पती-बंधूंनी निवारले असताही चतुर्विध अन्न घेऊन श्रीकृष्ण चक्रवर्तींकडे धावल्या. एकीला पतीने अडवून धरले. तिच्या वाट्याला एकच श्लोक, नाव नाही.

तिच्या ठायी उभे राहून ही कथा पाहावी. तिनेही अन्न रांधले असेल, सख्यांची पावले दुरावताना ऐकली असतील. दर्शन नाही, सेवा नाही. जवळ होते ते केवळ कानांनी ऐकलेले. त्या ऐकलेल्या श्रीमूर्तीलाच तिने हृदयी आलिंगिले आणि देह टाकला. आपण सारे असन्निधानातील जीव. म्हणूनच, दर्शनास पोहोचलेल्या जणींहून ही मागे राहिलेली प्रस्तुत लेखकास अधिक जवळची वाटते.

पुढे श्रीकृष्णांच्या आज्ञेने इतर जणी परतल्या आणि सत्र सपत्नीक पार पडले. ब्राह्मणांना पश्चात्ताप झाला खरा, पण कंसाच्या भयाने दर्शनास कोणी गेले नाही. पत्नीवाचून यज्ञाचा अधिकार नाही. मग तिला धरून ठेवणारा तो पती त्या दिवशी कोणासह बसला, हे भागवत सांगत नाही.