बबल मध्यभागी, तरी लेव्हल चुकीची!

सर्व्हे कॅम्प म्हटलं की सगळ्यांना आठवते ती करपलेली खिचडी आणि रात्री दोनपर्यंत चाललेली अंताक्षरी. आमच्या पेठच्या कॅम्पमध्येही हे सगळं झालंच, त्याचं रसभरीत वर्णन इतर कुणीतरी करीलच. मी लिहिणार आहे ते एका डम्पी लेव्हलबद्दल. ज्युनिअर मंडळींनी कॅम्पला जाण्याआधी हे वाचलं तर त्यांचे दोन दिवस वाचतील.

नाशिकहून पेठकडे निघालं की सावळ घाट लागतो. जागेवर टेकू न देणारी ती वळणं! आमची लेव्हल पेटीत होती आणि पेटी जीपच्या मागे, ट्रायपॉड, रेंजिंग रॉड आणि गादीच्या वळकट्यांमध्ये. घाटात ती किती वेळा आपटली हे कुणी मोजलं नाही. (पेटी मांडीवर घेऊन बसायचं असतं, हे नंतर कळलं.)

काम साधं होतं. एका पाड्याच्या वरच्या अंगाला बारमाही झरा आहे. तिथून पाड्याच्या टाकीपर्यंत नुसत्या उतारावर, पंपाशिवाय, पाणी येईल का एवढंच पाहायचं. रस्त्याकडेच्या मोरीवर बेंचमार्क धरला. आमच्या गटाने तिथून झऱ्यापर्यंत लेव्हल न्यायची, दुसऱ्या गटाने दुसऱ्या लेव्हलने टाकीपर्यंत. आम्ही दिवसभर नागलीच्या कापलेल्या शेतांतून वर चढलो, संध्याकाळी त्याच वाटेने लेव्हल घेत खाली आलो. क्लोजिंग एरर किती? ६ मिलिमीटर! जाऊन-येऊन ७०० मीटरला २४√के च्या सूत्राने २० मिलिमीटर चालतात. आम्ही तिथेच नाचलो. झरा टाकीपेक्षा ११ सेंटिमीटर उंच निघाला. मधलं अंतर सुमारे २०० मीटर, म्हणजे उतार तसा काठावर पास, पण पास.

पाड्यावरचे एक बाबा दिवसभर आमच्याबरोबर होते. त्यांनी विचारलं, "पोराहो, येईल ना पाणी?" आम्ही छाती पुढे काढून सांगितलं, "येणार, बाबा!"

रात्री सरांनी फील्ड बुक पाहिलं. आकडेमोडीकडे ते वळलेच नाहीत. स्टेडियावरून काढलेल्या अंतरांच्या रकान्यावर बोट ठेवून म्हणाले, "प्रत्येक सेटअपला बॅकसाईट २५ मीटर आणि फोरसाईट १० मीटर. टू पेग टेस्ट कधी केली होती?" शांतता. पहिल्याच पानावर त्यासाठी सोडलेली जागा कोरी होती.

अंतरं अशी का येतात हे आधी बघू. दुर्बीण जमिनीपासून १.४ मीटरवर, स्टाफ ४ मीटरचा. चढताना खालच्या स्टाफवर ३.८ पर्यंत वाचता येतं, म्हणजे खाली २.४ मीटरपर्यंत पोहोचता येतं. वरच्या बाजूला मात्र ०.४ वाचलं तर चढ जेमतेम १ मीटर. त्यामुळे डोंगरात खालचं अंतर लांब, वरचं आखूड, हे आपोआपच होतं. सपाटीवर दोन्ही अंतरं सारखी ठेवली की दुर्बिणीचा दोष वजाबाकीत निघून जातो. डोंगरात तो निघत नाही, साठत जातो.

आणि खरी गंमत पुढेच आहे. समजा दृष्टिरेषा किंचित वर झुकलेली आहे. चढताना लांबच्या बॅकसाईटमध्ये चूक जास्त येते, म्हणून चढ जास्त निघतो. उतरताना फोरसाईट लांब, म्हणून उतारही तेवढाच जास्त निघतो. बेरीज शून्य! सर्किट झकास क्लोज होतं आणि उंची चुकीची राहते. आम्ही ज्या ६ मिलिमीटरवर नाचलो, त्यांनी काहीच सिद्ध केलं नव्हतं.

सकाळी माळावर टू पेग टेस्ट केली. ए आणि बी अशा दोन खुंट्या ६० मीटर अंतरावर. लेव्हल बरोबर मध्ये ठेवून ए वर १.४२५, बी वर १.१८०. खरा फरक ०.२४५. मग लेव्हल ए पासून २ मीटरवर, दोन्ही खुंट्यांच्या ओळीत. ए वर १.५१०, म्हणजे बी वर १.२६५ यायला हवं. आलं १.२९३! अंतरांतल्या ५६ मीटरच्या फरकाला २८ मिलिमीटर, म्हणजे दर १० मीटरला ५. आमच्या प्रत्येक सेटअपला १५ मीटरचा फरक, सेटअप दहा. चूक ७५ मिलिमीटर. अकरा सेंटिमीटरचे उरले साडेतीन. काठावरचा पास गेला, सरळ के. टी.!

बाबा हे सगळं उकिडवे बसून बघत होते. म्हणाले, "ही दुर्बीण बंदुकीला लावतात तसलीच का?" त्यांच्या लहानपणी या डोंगरांत ठासणीच्या बंदुका होत्या. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर शिकारीचा प्रश्नच संपला, आणि दुर्बिणीची रायफल त्यांनी पाहिली ती सिनेमात. पण प्रश्न नेमका होता. सर तिथेच बसले आणि मला वाटतं वर्गात कधी झालं नाही असं लेक्चर झालं.

रायफलवर दुर्बीण दोन कड्यांत बसते, कडी बैठकीवर. स्क्रू ढिले असतील तर प्रत्येक धक्क्याला दुर्बीण सरकते आणि गोळ्या विखुरतात. हा दोष दिसतो. दुसरा दोष असा की सगळं घट्ट आहे, पण दुर्बिणीची रेषा नळीच्या रेषेशी जुळवलेलीच नाही. मग गोळ्या एकाच जागी पडतात, फक्त ती जागा चुकीची असते. आमचं हेच झालं होतं. कडी आवळतानाही आळीपाळीने, थोडं थोडं, ठरलेल्या टॉर्कने आवळायची. एका बाजूने जोर लावला तर नळी पिळवटते, अती आवळलं तर चेपते. आणि दुर्बीण काढून परत बसवली की पुन्हा निशाण जुळवायचं, काल जुळलं होतं हे चालत नाही. आमच्या लेव्हलमध्ये डायफ्रॅमचा एक स्क्रू घाटात ढिला झाला होता. बबल त्याबद्दल काहीच सांगत नाही, कारण बबल नळीवर आहे आणि क्रॉसहेअर नळीच्या आत. ऑटो लेव्हलवाल्यांनीही हसू नये. कॉम्पेन्सेटर झुकाव सांभाळतो, सरकलेला क्रॉसहेअर नाही.

आपटणं हे काही आपलंच नशीब नाही. १८०८ मध्ये तंजावरच्या देवळावर चढवताना लॅम्बटनचा अर्ध्या टनाचा थिओडोलाइट दोर तुटून भिंतीवर आदळला. त्याने तंबूत सहा आठवडे बसून त्याची वाकलेली चकती पूर्ववत केली. हा लॅम्बटन १८२३ मध्ये आपल्या हिंगणघाटला वारला, त्याची कबर तिथेच आहे.

डायफ्रॅम जुळवायची पिन आमच्याकडे नव्हती. मग सरांनी उपाय सांगितला. लेव्हल स्टाफच्या ओळीतच ठेवली पाहिजे असं कुठे लिहिलंय? उताराला आडवं सरकून अशी जागा धरायची की दोन्ही स्टाफ सारख्या अंतरावर येतील. सेटअप अठरा लागले, पाय गळाले, पण दोष असूनही उत्तर खरं आलं. झरा टाकीपेक्षा ३ सेंटिमीटर उंच.

बाबांना सांगायला मीच गेलो. ते म्हणाले, "मग वरच्या कातळापासून घ्या की!" झऱ्याच्या वर पंधरा-वीस पावलांवर पाणी एका कातळावरून पडतं, ते आम्ही बघितलंच नव्हतं. दोन सेटअपमध्ये तिथली लेव्हल घेतली. टाकीपेक्षा १.४० मीटर उंच. या वेळी 'येणार' म्हणायच्या आधी पुन्हा एकदा टू पेग केली.