धाब्याचा कठडा आणि ट्रॅक्टरचे हूड

शास्त्रपाठ : अनुवाद २२:८



देवाने मोशेच्या द्वारे इस्राएल लोकांना ज्या आज्ञा दिल्या त्यांत एक घरबांधणीची आहे. नवे घर बांधशील तेव्हा धाब्याला कठडा कर. कोणी वरून पडला तर त्याच्या रक्ताचा दोष तुझ्या घरावर येईल, असा तिचा आशय आहे. त्या देशातली घरे सपाट धाब्याची असत. राहाबेने हेरांना धाब्यावरच लपवले आणि यापोत पेत्र प्रार्थनेसाठी धाब्यावरच गेला. तेथे माणसांची ये-जा असे, म्हणून कठडा हवा. घर बांधणाऱ्याचा कोणाला इजा करण्याचा हेतू नसतो. तरीही हेतू चांगला होता एवढे म्हणून तो सुटत नाही.

ही आज्ञा मला एका ट्रॅक्टरमुळे समजली. ती हकीकत सांगताना मला एक कबुलीही द्यायची आहे.

आपल्या देणग्यांतून सातपुड्यातील भिल्ल व पावरा बांधवांसाठी पहिला जुना ट्रॅक्टर घेतला, तेव्हा तो धुळ्याहून आणण्याचे काम माझ्याकडे होते. ट्रॅक्टरवर फायबरचे छत होते, ज्याला आपले चालक हूड म्हणतात. चालक म्हणाला, "साहेब, हूड काढून ठेवू या." मी म्हणालो, "वेळ जाईल, दोरीने आवळून टाक." दोंडाईचा सोडून आम्ही सारंगखेड्याकडे निघालो. तापीच्या पुलाजवळ मोकळा वारा लागला. दोरी घासून तुटली, हूड उचलले गेले आणि मागे रस्त्यावर आपटले. आमच्या मागे मोटारसायकलवर एक जोडपे होते, बाईच्या मांडीवर तान्हे मूल. त्या माणसाने कशीबशी गाडी थांबवली. हूड त्याच्या चाकापासून दोन हातांवर पडले होते. तो रागावलासुद्धा नाही. "दादा, थोडं मागे होतो म्हणून वाचलो," एवढेच म्हणाला.

त्यानंतरच्या अंकात मी लिहिले, "ट्रॅक्टर सुखरूप पोहोचला." ते अर्धेच खरे होते. आज ते पुरे करतो.

दुसरा ट्रॅक्टर आणायची वेळ आली तेव्हा मी आधी त्या चालकाची क्षमा मागितली आणि मग त्याच्याकडून शिकलो. इतर मंडळ्याही अशी वाहने पाठवतात, म्हणून ते येथे देतो.

१. हूड आधी उतरवावे. ट्रॅक्टर स्वतः ताशी ३० किलोमीटरच्या आसपास धावतो. हूडचे नटबोल्ट त्याच वेगाला पुरणारे असतात. ट्रेलर ताशी ६० ने गेला की वाऱ्याचा जोर दुप्पट नव्हे, चौपट होतो. वारा हूडखाली शिरला की त्याला वर उचलतो. म्हणून ते सोडवून ट्रेलरवर आडवे ठेवावे, खाली पोती घालावीत आणि वेगळे बांधावे. नटबोल्ट पिशवीत घालून चालकाजवळ द्यावेत. हूड काढल्याने उंचीही कमी होते. गावात विजेच्या तारा लोंबतात, झाडांच्या फांद्या रस्त्यावर येतात. निघण्यापूर्वी जमिनीपासून सर्वांत वरच्या टोकापर्यंत टेपने उंची मोजावी.

२. चढवताना घाई नको. रॅम्प उभा असेल तर पुढची चाके उचलून ट्रॅक्टर मागे उलटू शकतो. रॅम्प लांब व कमी चढाचा असावा, ट्रेलर सपाट जमिनीवर असावा. डावा व उजवा ब्रेक एकमेकांस जोडून घ्यावा. नाहीतर एकच चाक अडते आणि ट्रॅक्टर तिरपा होतो. लहान गिअरमध्ये सावकाश चढवावे. त्या वेळी मागे किंवा बाजूला कोणी उभे राहू नये.

३. भार मागे जाऊ देऊ नये. वजन ट्रेलरच्या मागच्या टोकाकडे गेले तर तो डोलू लागतो आणि ओढणाऱ्या गाडीलाही ओढत नेतो. वजन चाकांच्या किंचित पुढे पडावे.

४. चार कोपऱ्यांना बांधावे. मध्यम ट्रॅक्टरचे वजन सुमारे २ टन असते. त्याला सुताची वा नायलॉनची दोरी पुरत नाही. साखळ्या किंवा वजनाला पुरेसे रॅचेटचे पट्टे घ्यावेत. दोन पुढे ओढणारे, दोन मागे ओढणारे. ते अ‍ॅक्सल किंवा चासीला बांधावेत. हूडच्या खांबाला, स्टिअरिंगच्या दांड्याला कधीही नाही. इंजिन बंद, गिअर टाकलेला, हँडब्रेक ओढलेला आणि चाकांना लाकडी ठोकळे असावेत.

५. पुन्हा तपासावे. हादऱ्यांनी पट्टे सैल होतात. पहिल्या ८-१० किलोमीटरवर थांबावे, मग प्रत्येक विश्रांतीला हात लावून पाहावे.

६. वर माणूस बसवू नये. चांदसैली घाटाची वळणे अरुंद, म्हणून आम्ही पायथ्याशी ट्रॅक्टर उतरवून चालवत नेला. मुले मडगार्डवर बसायला धावली. आम्ही त्यांना जीपमध्ये बसवले. ट्रॅक्टरवर जागा एकाच माणसाची आहे. साधे हूड ऊन अडवते. ट्रॅक्टर उलटला तर ते कोणाला वाचवत नाही.

या सगळ्याला दोन तास जास्त लागले आणि पट्ट्यांसाठी थोडा जास्त खर्च आला. तो हिशेबात मी वेगळा दाखवला आहे, कारण तोही देणगीचाच भाग आहे. गावात पोहोचल्यावर त्याच चालकाने हूड परत बसवले. उन्हाळ्याचे दिवस होते. नांगरणी शिकायला आलेला गावचा तरुण त्याच्या सावलीत बसला, तेव्हा मला पुलावरचे ते मूल आठवले.

आपण देतो ते प्रीतीने देतो, पण ती वस्तू आणि तिच्या वाटेवरची माणसे दोन्ही सुखरूप राहिली तरच ते दान पुरे होते. तो कठडा घरधन्यासाठी नव्हता, धाब्यावर येणाऱ्या कोणासाठीही होता. आपल्या मागून येणारा, ज्याचे नावही आपल्याला ठाऊक नाही, तोही आपला शेजारीच आहे.

मननासाठी : आपल्या मंडळीच्या कोणत्या चांगल्या कामाला अजून कठडा नाही? कोणत्या चालकाचे, कोणत्या मजुराचे म्हणणे आपण घाईत बाजूला सारले?

प्रार्थना : हे प्रभू, पुलावर तू राखलेल्या त्या कुटुंबासाठी तुझे आभार. आमच्या सेवेतील घाई व निष्काळजीपणा क्षमा कर. जे आमच्या हाती सोपवले आहे ते जपून नेण्याची बुद्धी दे. आमेन.